जिन्याखालचा मीटर आणि उपनगरांचे मत

मुंबईच्या उपनगरांतून विजेची एक सीमारेषा जाते आणि तिची जाणीव रहिवाशांना फक्त बिलावरचे कंपनीचे नाव वाचताना होते. पश्चिमेला वांद्र्यापासून मीरा-भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला चुनाभट्टीपासून विक्रोळी-मानखुर्दपर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे अंधेरी, बोरिवली आणि घाटकोपर येथे, १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनीचे जाळे आहे. ते पुढे रिलायन्सकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले, तर टाटा पॉवरही याच पट्ट्यातील काही ग्राहकांना वीज पुरवते. भांडुप-मुलुंड मात्र सरकारी वीज मंडळाच्या आणि त्याच्या विभाजनानंतर महावितरणच्या अखत्यारीत राहिले आहे. गेल्या काही वर्षांत या रेषेच्या दोन्ही बाजूंना जिन्याखालच्या मीटरपेट्यांतील जुने मीटर काढून तेथे ‘स्मार्ट’ म्हटले जाणारे मीटर बसवण्याचे काम सुरू झाले आणि त्यावरून सोसायट्यांच्या सभांत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत आणि वीज कार्यालयांच्या दारात जे मत तयार झाले ते तपासून पाहण्यासारखे आहे, कारण तंत्रज्ञान, खासगीपणा आणि पर्यावरण हे एरवी वेगवेगळे चर्चिले जाणारे तिन्ही विषय या एकाच पेटीत बसवलेले आहेत, आणि तरीही लोकांनी चर्चा केली ती चौथ्याच विषयाची, म्हणजे बिलाची.

जुन्या मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची एक चकती फिरत असे आणि तिच्या फेऱ्यांवरून आकडे पुढे सरकत. त्यानंतर आलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरने चकती घालवली, पण महिन्यातून एकदा माणसाने येऊन आकडा टिपायचा ही पद्धत तशीच ठेवली. स्मार्ट मीटरमध्ये मोजमापाच्या यंत्रणेला संपर्काची यंत्रणा जोडलेली असते. मोबाइलच्या जाळ्यावरून किंवा शेजारच्या मीटरकडून पुढच्या मीटरकडे अशा रेडिओ साखळीतून तो आपली नोंद कंपनीच्या संगणकाकडे पाठवतो आणि उलट दिशेने आलेला आदेशही पाळतो, म्हणजे कार्यालयात बसून पुरवठा तोडता किंवा जोडता येतो. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत २०२३ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार असा मीटर दिवसातून किमान एकदा दुरून वाचला गेला पाहिजे आणि ती माहिती ग्राहकालाही मिळाली पाहिजे. दिवसाचा हा आकडा एकच असला, तरी मीटरच्या स्मृतीत पंधरा किंवा तीस मिनिटांच्या टप्प्यांनी वापराची स्वतंत्र नोंद साठत असते, आणि या नोंदींच्या मालिकेला तांत्रिक भाषेत लोड प्रोफाइल म्हणतात. जुना मीटर महिन्याला एक आकडा देत असे; तीस मिनिटांचा टप्पा धरला तर नवा मीटर तीस दिवसांच्या महिन्याला १,४४० आकडे देतो, आणि पुढची सारी चर्चा या फरकातून निघते.

हा बदल लोकांपुढे आला तो वसुलीचे साधन म्हणून. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सरकारी वितरण कंपन्यांसाठी सुमारे ३ लाख ३ हजार कोटी रुपयांची सुधारणा योजना मंजूर केली, देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले आणि ते मीटर प्रीपेड असावेत, म्हणजे मोबाइलप्रमाणे आधी पैसे भरून मग वीज वापरावी, अशी अट घातली. या योजनेमागचे दुखणे खरे होते, कारण वीजगळती, चोरी आणि थकबाकी यांनी बहुतेक राज्यांच्या वितरण कंपन्या वाकलेल्या आहेत. परंतु मुलुंडच्या नियमित बिल भरणाऱ्या कुटुंबाला प्रश्न पडला तो असा, की दुसऱ्या कोणाची थकबाकी मिटवण्यासाठी आपल्या घरात आगाऊ पैसे मागणारे यंत्र का यावे. या प्रश्नाला कायद्याचाही आधार होता. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीदाराचा पुरवठा तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि शिल्लक संपताच आपोआप बंद होणाऱ्या मीटरला ही नोटीस कोठे बसवायची हे कोणी नीट सांगितले नाही; कलम ४७ मध्ये प्रीपेड मीटर स्वीकारणाऱ्या ग्राहकाकडून अनामत घेऊ नये असे म्हटले आहे आणि विरोधकांनी त्याचा अर्थ, हा मीटर घ्यायचा की नाही हे ग्राहकाने ठरवायचे, असा लावला. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मीटरच्या किमतीचा मुद्दा पुढे आणला: केंद्राचे अनुदान मीटरमागे किमतीच्या १५ टक्के किंवा ९०० रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढेच असल्यामुळे उरलेला बोजा आज ना उद्या वीजदरातूनच वसूल होणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. लोकसभा निवडणुकीनंतर जून २०२४ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवले जाणार नाहीत असे जाहीर केले. पुढे महावितरणने तेच तंत्र असलेले मीटर ‘टीओडी मीटर’ या नावाने, आधी वापर आणि नंतर बिल या जुन्या पद्धतीने बसवण्यास प्रारंभ केला, आणि नाव बदलून तीच वस्तू दारात आली अशी कुरकुर पुन्हा सुरू झाली. ही कुरकुर निराधार नव्हती, पण त्या नव्या नावातच मीटरचे एक निराळे आणि अधिक सयुक्तिक समर्थन दडलेले होते.

टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर. विजेचा साठा मोठ्या प्रमाणावर करणे अजून महाग असल्यामुळे ज्या क्षणी मागणी असते त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते, आणि त्यामुळे संध्याकाळी सात वाजता वापरलेले युनिट आणि दुपारी एक वाजता वापरलेले युनिट बिलावर सारखे दिसले तरी त्यांचा उगम सारखा नसतो: दुपारी राजस्थानपासून सोलापूरपर्यंतच्या सौर पट्ट्यांतून भरपूर आणि स्वस्त वीज येत असते, सूर्य मावळल्यावर ती थांबते आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतील दिवे, टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रे सुरू झाल्यामुळे कोळशाच्या केंद्रांवर भार पडतो. उपनगरांपुरते बोलायचे तर यातील बराचसा कोळसा जळतो तो डहाणूला. बॉम्बे सबर्बननेच उभारलेले ५०० मेगावॉटचे ते केंद्र १९९०च्या दशकाच्या मध्यात, जो तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला होता त्याच तालुक्यात सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्राधिकरणाने त्याच्यावर देखरेख ठेवली आणि धुरातील गंधकाचे ऑक्साइड काढून टाकणारी यंत्रणा बसवायला लावली. अंधेरीच्या दिव्यांची राख वारली पाड्यांच्या शेजारी साचते, ही गोष्ट उपनगरांतील पर्यावरणविषयक चर्चेत क्वचितच येते.

मुंबईची अडचण केवळ निर्मितीची नाही. हे शहर समुद्र, खाड्या आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या बेचक्यात वसलेले असल्यामुळे बाहेरची वीज आत आणणाऱ्या वाहिन्यांची संख्या मोजकीच आहे, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास या वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्यावर लोकलगाड्या रुळांवर थांबल्या आणि महानगराचा बहुतांश भाग काही तास अंधारात गेला. त्यानंतर रखडलेल्या कामांना वेग आला. खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये कार्यान्वित झाली आणि पालघर जिल्ह्यातील कुडूसपासून आरेपर्यंत एक हजार मेगावॉट वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीचे काम हाती घेण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटी तोडण्यावर बंदी घालून सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची परवानगी आवश्यक केल्यामुळे अशा वाहिनीच्या मार्गात खाडीकाठची खारफुटी आली की प्रकरण न्यायालयात जाते, आणि आरेचे नाव उपनगरांत कोणत्या आठवणी जागवते हे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झालेली वृक्षतोड पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. सायंकाळची कमाल मागणी जितकी चढत जाईल तितकी नवी केंद्रे आणि नव्या वाहिन्या लागतील, आणि ती मागणी दिवसभरात पसरवता आली तर त्यांतील काही टाळता किंवा लांबणीवर टाकता येतील. घरगुती ग्राहकांच्या बाबतीत हे साधायचे असेल तर कोणी कोणत्या वेळी किती वीज वापरली हे कळले पाहिजे, आणि ते महिन्याला एक आकडा देणाऱ्या मीटरमधून कळू शकत नाही. आरेच्या झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्या आणि स्मार्ट मीटरला विरोध करणाऱ्या उपनगरी माणसाला हा संबंध कोणी समजावून दिला असता तर त्याचे मत बदलले असते असे नव्हे, पण निदान त्याला दोन्ही बाजू तोलता आल्या असत्या.

प्रत्यक्षात दिवसाच्या वेळी वीज वापरणाऱ्यांसाठीची दरसवलत कोणाच्या पदरात पडते हे पाहिले की तोलण्याचे काम आणखी अवघड होते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सुरू होऊन पुढील वर्षांत एक रुपयापर्यंत जाणारी सूट लागू झाली. मुलुंडच्या एखाद्या कुटुंबाचा मासिक वापर २०० युनिट असेल आणि त्यातील ६० युनिट या आठ तासांत पडत असतील, तर ८० पैशांच्या दराने त्याला महिन्याला ४८ रुपये वाचतील. परंतु ज्या घरातील दोघेही साडेआठच्या लोकलने निघतात आणि साडेसातला परततात, त्या घरात सवलतीच्या काळात चालू असतो तो फक्त फ्रिज. त्यांचा गीझर सकाळी सहाला, मिक्सर सातला आणि वॉशिंग मशीन रात्री नऊला चालते, म्हणजे सवलतीचे घड्याळ आणि नोकरीचे घड्याळ एकमेकांच्या नेमके विरुद्ध लावलेले आहे. दुपारी घरात असणारी ज्येष्ठ मंडळी, गृहिणी आणि घरून काम करणारे यांना तिचा लाभ होईल. ज्यांच्या संध्याकाळच्या वापरामुळे प्रश्न उद्भवतो त्यांना बदल करण्यास वाव फारच थोडा आहे, आणि केंद्राच्या नियमांत कमाल मागणीच्या काळात घरगुती वर्गासाठीही किमान दहा टक्के चढा दर सुचवलेला असल्यामुळे पुढे त्यांनाच तो सोसावा लागण्याची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

याउलट जेथे बदल सहज शक्य आहे ती जागा कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही, आणि ती म्हणजे सोसायटीचा सामाईक मीटर. उपनगरांतील बहुतेक इमारतींत महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी तळटाकीत येते आणि पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. पाच अश्वशक्तीचा पंप रोज तीन तास चालला तर सुमारे ११ युनिट, म्हणजे महिन्याला सव्वातीनशेच्या वर युनिट खर्च होतात. पाणी येण्याची वेळ पालिकेच्या हाती असली तरी ते वर चढवण्याची वेळ, टाक्या पुरेशा मोठ्या असतील तर, वॉचमनच्या हाती असते. पहाटे आणि सायंकाळी चालणारा पंप दुपारी बारा ते तीन चालवला, तर कोणत्याही सदनिकाधारकाला आपली दिनचर्या न बदलता सवलत मिळू शकते आणि सायंकाळचा भारही तेवढा हलका होतो. ही रक्कम शेकड्यांत मोजण्याइतकीच आहे, पण मुलुंड ते बोरिवली पसरलेल्या हजारो इमारतींचे पंप एकत्र धरले तर वाहिन्यांच्या दृष्टीने ती बाब क्षुल्लक राहत नाही.

दर ठरवणाऱ्या आयोगापुढे असे मुद्दे मांडण्याची सोय आहे. कंपनीचा दरप्रस्ताव जाहीर होतो, त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि आदेशात प्रत्येक हरकतीची दखल घ्यावी लागते. मुंबई ग्राहक पंचायत किंवा पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट यांच्यासारख्या संस्था तेथे अभ्यासपूर्वक बोलत आल्या आहेत, पण सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतील पानावर, बारीक टायपात पोहोचते, आणि शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून हरकत लिहिण्यापेक्षा ‘मीटर जोरात पळतो’ हा संदेश पुढे पाठवणे अर्थातच सोपे असते. त्या संदेशात तथ्य किती हे तपासण्याचा मार्गही साधा आहे: शंका असलेल्या ग्राहकाला मीटरच्या चाचणीची मागणी करता येते आणि काही काळ जुना मीटर नव्याच्या शेजारी पडताळणीसाठी लावता येतो. रेंगाळणारी जुनी यंत्रे कमी नोंद करीत असतील तर अचूक मीटर आल्यावर बिल वाढलेले दिसणे शक्य आहे. ते पळणे नव्हे, पण भरणाऱ्याला दोन्ही सारखेच लागते.

खासगीपणाचा प्रश्न या गदारोळात उमटला तो अगदी क्षीण. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट यांनी १९८०च्या दशकातच दाखवून दिले होते की घरात शिरणाऱ्या एकूण विजेचे बारकाईने मोजमाप केले तर आतील प्रत्येक उपकरण चालू-बंद होतानाची खूण वेगळी काढता येते. त्यासाठी सेकंदा-सेकंदाची नोंद लागते आणि अर्ध्या तासाच्या नोंदीतून मिक्सर कोणता व पंखा कोणता हे कळत नाही, पण घराची दिनचर्या मात्र कळते. दोन किलोवॉटचा गीझर वीस मिनिटे चालला की त्या अर्ध्या तासात दोन तृतीयांश युनिटाच्या जवळपास उंचवटा दिसतो, आणि तो रोज सहाला दिसत असेल व एखाद्या सोमवारपासून साडेचारला दिसू लागला असेल तर घरातील कोणाची तरी पाळी बदलली असा तर्क करता येतो. गणपतीला कोकणात गेलेल्या बोरिवलीच्या कुटुंबाची नोंद आठवडाभर फ्रिजपुरती सपाट होते. जिन्याखाली उभे राहून थांबलेली चकती पाहणाऱ्यालाही घर बंद असल्याचे पूर्वी कळतच होते, असा प्रतिवाद कोणी करील आणि तो चुकीचा नाही. फरक एवढाच, की त्याला जिन्याखाली यावे लागे आणि एका वेळी एकच इमारत पाहता येई.

अन्यत्र या प्रश्नावर धोरणे अडली आहेत. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली स्मार्ट मीटरची सक्ती करणारे विधेयक खासगीपणाच्या मुद्द्यावर रोखले आणि नंतर ग्राहकाला नकाराचा पर्याय देऊनच ती योजना पुढे गेली. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील नेपरव्हिल शहराच्या खटल्यात अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये, दर पंधरा मिनिटांची नोंद घेणे ही घराची एक प्रकारे झडतीच आहे असे मान्य केले. मात्र ती पुरवठ्याच्या कामासाठी आहे आणि पोलिसांसाठी नाही, म्हणून ती वाजवी ठरवली आणि हेतू बदलला तर निकालही बदलू शकेल असे सूचित केले. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि राज्याला त्यात शिरायचे असेल तर कायदा, वाजवी हेतू आणि प्रमाणबद्धता यांची अट घातली, पण त्या निकषांवर वीजमीटर कोणी घासून पाहिला नाही. याचे एक कारण असे असावे की उपनगरी माणसाने विजेच्या बिलाकडे कधी गुप्त वस्तू म्हणून पाहिलेलेच नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून त्याची झेरॉक्स बँकेत, शाळेत, गॅस एजन्सीत आणि भाडेकराराच्या एजंटाकडे दिली जाते, आणि वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक वीजबिल भरणाऱ्याने उत्पन्न कितीही असले तरी प्राप्तिकर विवरणपत्र भरलेच पाहिजे असा नियम २०१९ पासून लागू आहे, म्हणजे विजेच्या वापरावरून माणसाची पत जोखण्याचे काम सरकारने स्मार्ट मीटरची वाट न पाहताच सुरू केले आहे.

मीटरला ‘हेरगिरीचे यंत्र’ म्हणणाऱ्या मोजक्या सोसायट्यांच्याच फाटकांवर पाहिले तर ही विसंगती अधिक ठळक होते. तेथे आता वहीच्या जागी मोबाइलचे अ‍ॅप आलेले असते; पाहुणा, कुरिअरवाला, दूधवाला आणि घरकाम करणारी बाई यांची ये-जा करण्याची प्रत्येक वेळ त्यात नोंदली जाते, बाईचा फोटो आणि ओळखपत्र चढवलेले असते, ती किती वाजता आली आणि किती घरांत काम करते हे सर्व सदस्यांना दिसते आणि काही अ‍ॅपांत तिला तारेही देता येतात. ही माहिती विजेच्या अर्ध्या तासाच्या नोंदीपेक्षा कितीतरी बोलकी आहे, पण ती सभेत एका ठरावाने, सुरक्षेच्या नावाखाली, बहुधा चर्चेविना मंजूर होते. यामागे दांभिकता आहे असे म्हणणे सोपे, परंतु नीट पाहिले तर मत येथे माहितीवरून ठरलेले नाही, कोणाच्या हाती काय जाते यावरून ठरले आहे: मीटर बाहेरून लादला गेला आणि त्याचा आदेश बाहेरून येतो, तर अ‍ॅप सदस्यांनी स्वतः आणले आणि त्यातून दुसऱ्यांवर नजर ठेवता येते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ या भेदाला फारशी किंमत देत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. कोणाची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो त्या माहितीचा विश्वस्त मानला जातो, आणि ही व्याख्या वीज कंपनीला लागू पडते तशीच सोसायटीलाही लागू पडू शकते, कारण घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. फाटकावरची जुनी वही कागदी असल्यामुळे या कायद्याबाहेर राहील. त्याच वहीतील मजकूर अ‍ॅपवर गेला की तो कायद्याच्या कक्षेत येतो. संमतीच्या आधारे माहिती घेणाऱ्याला ती कशासाठी घेतली हे सांगणारी सूचना द्यावी लागेल, ती इंग्रजीप्रमाणेच आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, अर्थात मराठीतही, उपलब्ध करावी लागेल, आणि काम संपल्यावर माहिती पुसण्याची मागणी संबंधित व्यक्तीला करता येईल. हा हक्क सदनिकेच्या मालकाइतकाच त्याच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही आहे. फक्त अ‍ॅपचा करार ज्या सर्वसाधारण सभेत मंजूर होतो त्या सभेची ती सदस्य नसते, आणि तिची संमती कोणी, कधी व कोणत्या भाषेत घेतली हा प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर सोसायटीच्या चिटणीसाला द्यावे लागणार आहे.